वेणू नावाचं कासव

माझ्या नावावर जगात एकही कासव नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकाने असं वाक्य लिहिलं की त्यात कुरकुर असणारच. इतकी वर्षं मी मुलांना दगड शिकवले, दगडांच्या परीक्षा घेतल्या, आणि ज्या जीवांचे दगड झाले त्यांच्यातल्या एखाद्याचं बारसं आपल्या हातून व्हावं एवढी एकच हौस बाळगली. एक कासव अगदी हाताशी आलंही होतं. वर्तमानपत्रात त्याच्या शेजारी माझा फोटो छापून आला. मग एका बाईने ते माझ्यादेखत चार शब्दांत मोडलं.

इंदूबाईंचा मला राग यायला हवा होता. तो आला, आणि चांगला दहा-बारा दिवस टिकला. मागच्या पौषात त्या गेल्या. मला कळलं तोवर त्यांची तेरवी होऊन गेली होती. सांगणाऱ्याला वाटलं, वर्ध्याच्या सरांना कोणीतरी आधीच कळवलं असेल. कोणी कळवलं नव्हतं. मुद्दाम कळवावं असं आमचं नातं तरी काय होतं, हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

गिरडच्या टेकडीपासून आत सात-आठ किलोमीटरवर त्यांचं गाव. टेकडीवर सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल दगड सापडतात, आणि खोटं बोललेल्या एका व्यापाऱ्याचा माल तिथल्या बाबांनी दगड करून टाकला, अशी कथा सगळे सांगतात. मी दरवर्षी मुलांची सहल तिथे नेतो आणि ते दगड मुळात कसे तयार झाले यावर अर्धा तास बोलतो. मुलं पहिल्या पाच मिनिटांनंतर पुन्हा व्यापाऱ्याकडे वळतात. त्या टेकडीच्या पलीकडे, काळ्या मातीखाली, नाल्याच्या कडेने पांढरट-हिरवी चिकट माती उघडी पडते. डायनासोरांच्या शेवटच्या दिवसांतली ती माती. त्यात कासवं असणार अशी माझी खात्री होती, आणि ती शोधायला मी तीन रविवार तिथे हिंडलो. अंगात बारा खिशांचं जाकीट, डोक्यावर गोल हॅट, गळ्यात भिंग, कमरेला हातोडा, आणि हातात आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते सांगणारं यंत्र. मी कुठे आहे ते त्या यंत्राने दर वेळी बिनचूक सांगितलं. कासव कुठे आहे ते मात्र त्यालाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी दुपारी पाणी मागायला एका घरी थांबलो. बाई वांग्याच्या वाडीतून नुकत्या आलेल्या. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या, लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला, जसा शेतात काम करणाऱ्या आमच्याकडच्या सगळ्याच बाया घालतात. त्यांनी मला पाण्याचा गडवा दिला आणि न्हाणीच्या दगडावर बसून टाच घासायचं अर्धवट राहिलेलं काम पुढे सुरू केलं. मी गडवा तोंडाला लावला आणि तसाच राहिलो. त्या ज्या दगडाने टाच घासत होत्या, तो कासवाच्या पाठीचा तुकडा होता.

मी काय बोललो ते आता आठवत नाही, पण हातवारे बरेच केले असावेत. त्या शांतपणे म्हणाल्या, की असले दगड तिकडे पडीतात लय पडले आहेत, आणि हा काही मिळणार नाही, पोरीच्या लग्नापासून वापरात आहे. शेवटी वर्ध्याच्या बाजारातून दांडी लावलेली चांगली वज्री आणून दिली तेव्हा अदलाबदल झाली. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्या वज्रीबद्दल मत दिलं, की ती दोन दिवसांत झिजते, तुमचा दगड कच्चा आहे. तो तुकडा मी विजयी वीरासारखा घरी आणला आणि भिंगाखाली धरला. टाच घासून घासून तो इतका गुळगुळीत झाला होता की कवडीचा उपयोग नव्हता. तो मी टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवतो.

इंदूबाईंचा शब्द म्हणजे "पाहू द्या". काहीही विचारा, आधी पाहू द्या मले, म्हणायच्या, मग वस्तू हातात घेऊन तोलायच्या, एक डोळा मिटायच्या, आणि मग बोलायच्या किंवा बोलायच्याही नाहीत. समुद्रपूरच्या बाजारात त्या भाजी विकायला बसत. एकदा मी सहज विचारलं, वांगी आतून किडकी तर नाहीत ना. शेजारची भाजीवाली अशा वेळी देवाच्या शपथा घेते. इंदूबाई म्हणाल्या, "मले काय माहीत जी? म्या आत जाऊन पाह्यलं का?" मी तरीही दोन किलो घेतली. त्यातली तीन किडकी निघाली, आणि मला कोणावरच रागावता येईना.

आमच्या ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात माझी अब्रू गेली, ती जिभेमुळे. जिवाश्म झालेलं हाड ओळखायची एक जुनी युक्ती आहे. साधा दगड जिभेला लावला तर सुटून येतो, हाड चिकटतं, कारण त्यातली बारीक छिद्रं ओलावा ओढून घेतात. इंदूबाई मला पडीत दाखवायला आल्या होत्या. मी एक खडा उचलला, जिभेला लावला, टाकला. दुसरा उचलला, लावला, टाकला. तिसऱ्या वेळी त्या जवळ आल्या आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सर, घरी सांगतलं का?"

"काय सांगितलं का?"

"माती खायची सवय हाय म्हून. माह्या सुनेले दिवस होते तवा तेही खाये. रगत कमी असलं का असं होते. लाजू नका, पालक खात जा."

मी छिद्रांचं शास्त्र समजावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि निघताना पालकाच्या चार जुड्या गाडीत ठेवल्या. घरी बायकोला खरी हकिकत सांगितल्यावर तिने मला पंधरा दिवस पालक खाऊ घातला. तिचं म्हणणं, बाई बोलली ते चूक असेल, पण तुमचा चेहरा पाहून बोलली असणार.

दिवाळीनंतर मी मोठी मोहीम काढली. एकट्याने हिंडण्यात अर्थ नाही हे कळलं होतं, म्हणून इंदूबाईंना चार बाया घेऊन यायला सांगितलं. रविवारी सकाळी सगळ्या हजर झाल्या. मी त्यांच्यासमोर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे तळी कशी होती, डायनासोर पाणी प्यायला कसे येत, आणि हे काम किती जोखमीचं आहे. इंदूबाईंनी साडेसहा कोटी म्हणजे किती ते दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाल्या, "मंग तुमी घाई काऊन करून राह्यले?" बाया हसल्या. मी घाईघाईने व्याख्यान आवरलं आणि शेवटी, त्यांना सोपं जावं म्हणून, माझ्या आयुष्यातलं सर्वांत महागात पडलेलं वाक्य बोललो. म्हणालो, कापूस वेचता ना, अगदी तसंच वेचायचं.

त्यांनी अगदी तसंच वेचलं. एकेकीने एकेक तास, म्हणजे जमिनीची एकेक सरळ ओळ, धरली, कमरेला झोळ्या बांधल्या आणि ओणव्या होऊन पुढे सरकल्या. तीन रविवारांत मला न दिसलेली जमीन त्यांनी तीन तासांत साफ केली. मी खूश होऊन पलीकडे एका दगडाचे फोटो काढत बसलो होतो. परत आलो तर कापूस वेचून झाल्यावर करतात तेच त्यांनी केलं होतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक चादर अंथरली होती, आणि पाचही झोळ्या तिच्यावर उपड्या केल्या होत्या. मधे एक छानसा ढीग होता.

ज्याला हे काम माहीत नाही त्याला त्या ढिगात वाईट काय ते कळणार नाही. हाड कुठे पडलं होतं, कोणाच्या शेजारी पडलं होतं, यावरच ते कोणाचं ते ठरतं. जागा हरवलेलं हाड म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. मी डोकं धरून बसलो. इंदूबाईंनी विचारलं, काऊन जी, कमी पडले का? मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "तुमीच म्हणले ना, कापसावानी," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

मग पाहू द्या म्हणून त्या ढिगाशी बसल्या. एकेक तुकडा हातात घ्यायचा, तोलायचा, डोळा मिटायचा, बाकीच्या बायांना काही विचारायचं, आणि ठेवायचा. हा नाल्याच्या अंगचा, हा पळसाखालचा. दीड तास हे चाललं होतं. एकेचाळीस तुकड्यांचे दोन ढीग तयार झाले. मी तोंडभरून कौतुक केलं. नंतर गाडीशी आल्यावर दोन्ही ढीग एकाच पोत्यात ओतले. एक पोतं उचलायला सोपं होतं हे एक कारण. दुसरं कारण मी त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं, की शास्त्राला पुरावा लागतो, भाजीवाल्या बाईची आठवण हा काही पुरावा नाही.

हिवाळाभर मी ते कासव जुळवत होतो. मधून मधून गावात चक्कर व्हायची, त्यात मी इंदूबाईंना कासवाबद्दल सांगायचो. वर्गात मुलं घड्याळ बघतात, इंदूबाई बघत नसत. कासवाचं कवच म्हणजे वरून घातलेली पेटी नव्हे, त्याच्या फासळ्याच रुंद होत होत एकमेकींना मिळाल्या आणि त्याचं छप्पर झालं, हे मी काडीने मातीत काढून दाखवलं. आपल्या खांद्याची हाडं फासळ्यांच्या बाहेर असतात, कासवाची आत आहेत, अशी उलटापालट करणारा दुसरा प्राणी नाही. त्या बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फासळ्या जर अशा गच्च झाल्या तर मंग तो दम कसा घेते?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता, आणि त्यामुळे मीही स्वतःला विचारला नव्हता. मी म्हणालो, ते पुढच्या वेळी सांगतो, आणि घरी येऊन पुस्तकं उघडली. पोटाजवळचे स्नायू ते काम करतात असं पुढच्या वेळी ऐटीत सांगितलं. इंदूबाईंनी मान डोलावली, पण मी ते त्यांनी विचारल्यावर वाचून आलो आहे हे त्यांना कळलं होतं असं मला वाटतं.

त्याच वेळी मी त्यांना नावाचं सांगितलं. कासव नवीन जातीचं निघालं तर त्याला नाव द्यावं लागतं, आणि ते मी तुमच्यावरून देणार. हा माझा मोठेपणा होता आणि तो मला आतून फार आवडला होता. इंदूबाईंनी आधी विचारलं, नवऱ्याचं नाव तर नाही ना लागत मागे. नाही म्हटलं. मग आडनाव? तेही नाही. नुसतं तुमचं. जगभर जो कोणी त्या कासवाबद्दल लिहील तो तेच नाव लिहील, तुम्ही-आम्ही गेल्यावरही.

त्यांनी शर्टाच्या खिशातून वांग्याच्या बियांची पुडी काढली, पुन्हा आत ठेवली. मग म्हणाल्या, "मंग इंदू नका लावू. इंदू हे सासरचं हाय. लग्नात बदललं. माह्यं नाव वेणू."

माहेरी त्या वेणू होत्या. बाप असेपर्यंत माहेरी गेल्यावर ते नाव कानावर पडायचं. बाप गेला, भाऊ आधीच गेलेला, आणि आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. रेशनकार्डावर इंदू, मतदार यादीत इंदू, सुनेला आणि नातवंडांना दुसरं काही नाव होतं हेही माहीत नाही. मी वहीत वेणू लिहून घेतलं. त्यांनी ती वही हातात घेतली, नीट बघितली, आणि परत दिली. वाचता त्यांना जेमतेम येत होतं, पण तेवढी दोन अक्षरं त्यांनी बोट लावून वाचली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत कासव उभं राहिलं. एकेचाळीसपैकी सत्तावीस तुकडे मी बसवले. काही सहज बसले, काही थोडे घासून बसवले, आणि दोन-तीन ठिकाणी मधे मसाला भरून त्यांची समजूत घातली. मग सगळ्यावर चकचकीत रोगणाचे तीन हात दिले. कवचाचा मागचा भाग पुढच्याहून जरा जाड होता, आणि असा आकार कुठल्याच ज्ञात कासवाचा नव्हता. हेच नवीन जातीचं लक्षण असं मी ठरवलं. लेख लिहायला अजून सुरुवातही नव्हती, तोच एका विद्यार्थ्याच्या ओळखीचा बातमीदार आला, आणि मी त्याला नाही म्हणालो नाही. बातमी आली. सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीने शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. भाषणानंतर एका शेजाऱ्याने विचारलं, हे कासव घरात ठेवायचं तर तोंड कोणत्या दिशेला करावं. मी त्यालाही उत्तर दिलं.

बातमी इंदूबाईंच्या गावात पोचली. त्या एका सोमवारी एसटीने वर्ध्याला आल्या, वांग्यांची पिशवी घेऊन, शर्टाशिवाय, चांगलं लुगडं नेसून. वेणूले पाह्यले आली, म्हणाल्या. मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. दोन सहकारी आणि चार-सहा विद्यार्थीही आले, मीच बोलावलं होतं त्यांना. कासव मधल्या टेबलावर ठेवलेलं होतं, वर दिवा लावला होता. इंदूबाई त्याच्याभोवती एकदा फिरल्या. पाहू द्या म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा फिरल्या. मग नखाने एका जागचं रोगण खरवडलं, दुसऱ्या जागचं खरवडलं. मी हसून मुलांकडे बघितलं.

"सर," त्या म्हणाल्या, "हे दोन जीव हायेत."

त्यांनी मागच्या जाड भागावर बोट ठेवलं. "याची साल लवकीवानी हाय, साफ. आन हे पुढचं खरबुजावानी, जाळीचं. एका येलाले दोन साला येत नाईत. म्या तुमाले त्या दिवशी येगळे करून देल्लते. तुमी एकात काऊन केले?"

मी पुष्कळ बोललो. वयानुसार कवचाचा पोत बदलतो, दबावाने बदलतो, एकाच कवचात फरक असू शकतो. बोलताना मला जाणवत होतं, की आपण परीक्षेत नापास होणाऱ्या मुलासारखे जास्तीच्या पुरवण्या मागतो आहोत. इंदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, असंन, तुमी शिकेल हा, पन माह्या हातानं येगळे केले होते. वांग्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि दोनच्या एसटीने परत गेल्या.

त्यांना एकच गोष्ट कळत नव्हती असं मी दहा दिवस स्वतःला सांगत होतो, की दोन जीव म्हणजे नवीन जात नाही, आणि नवीन जात नाही म्हणजे वेणूही नाही. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना सगळं कळत होतं, म्हणून तर त्या दुसऱ्यांदा फिरल्या. त्यानंतर मी राग धरण्याचा प्रयत्न केला, पण तो पूर्वीसारखा धरता येईना.

अकराव्या दिवशी नेलपॉलिश काढायचा असतो तसला द्रव बाटलीभर घेऊन बसलो आणि सगळा डिंक, सगळं रोगण सोडवलं. उघडे पडलेले तुकडे पांढऱ्या कागदावर मांडले. शाळेतल्या मुलानेही सांगितलं असतं. एक साल गुळगुळीत, एक जाळीदार. माझ्या रोगणाने ती जाळी बुजवली होती, आणि जाडीतला फरक म्हणजे एका मोठ्या कासवाला एका लहान कासवाचा पुढचा भाग लावल्याचा परिणाम होता. मोठं कासव चंद्रपूरकडे पूर्वी सापडलेल्या जातीचं निघालं. वर्तमानपत्राला खुलासा पाठवला, तो त्यांनी आतल्या पानावर कोपऱ्यात छापला. कॉलनीतल्या शालीचं काय करायचं हे मला कोणी सांगितलं नाही.

पण लहान कासव शिल्लक होतं. त्याची जाळी मी कुठे पाहिली नव्हती, कुठे वाचलीही नव्हती. ते खरंच नवीन असण्याची शक्यता होती, फक्त एका हाडावर सगळं अडलं होतं. मानेच्या मागे, कवचाच्या पुढच्या कडेला एक रुंद हाड असतं, त्याच्या आकारावरून जात ठरवता येते. ते माझ्याकडे होतं, उत्तम अवस्थेत. मात्र त्याची वरची साल मातीनेच केव्हातरी खाल्लेली, आणि कडा तुटलेल्या. ते मोठ्या कासवाचं की लहानाचं, हे नुसतं बघून सांगणं अशक्य होतं. इंदूबाईंच्या दोन ढिगांपैकी पातळ तुकड्यांचा ढीग पळसाखालचा होता एवढं मला आठवत होतं, म्हणून पळसाखाली मिळालं असेल तर लहान कासवाचं, नाल्याशी मिळालं असेल तर मोठ्याचं. हे जगात एकाच माणसाला ठाऊक असणं शक्य होतं, आणि तिच्या आठवणीला मी पोत्यात ओतून टाकलं होतं.

मार्चमध्ये एका सकाळी मी ते हाड रुमालात गुंडाळून गावाला गेलो. इंदूबाई वाडीत होत्या. मी आधी माफी मागितली. त्या म्हणाल्या, त्यात काय, तुमी सोडवलं ना. मग मी हाड दिलं आणि सगळं सांगितलं. नुसतं विचारायला हवं होतं, कुठलं आहे म्हणून. पण मी सांगूनच टाकलं, की पळसाखालचं असेल तर वेणू आहे, नाल्याजवळचं असेल तर नाही.

त्यांनी हाड तोललं. डोळा मिटला. मग फावडं ठेवून पडीताकडे निघाल्या, मी मागे. पळसाखाली जाऊन बसल्या, जमीन हाताने चाचपली. तिथून आपला तास धरून, कापूस वेचताना चालतात तशा ओणव्या, नाल्यापर्यंत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. पळस फुलून गेला होता आणि खाली फुलांचा सडा पडला होता, तो त्या पायाने बाजूला सारत होत्या. मी वही उघडून तयार होतो. खरं सांगायचं तर वहीत मी घरूनच निघताना 'पळस' असं लिहून आणलं होतं.

अर्ध्या तासाने त्या माझ्यापाशी आल्या. "नाई आठवत, सर."

मी म्हणालो, सावकाश आठवा. मी म्हणालो, पळसाखालीच जास्त तुकडे होते, तेव्हा हेही तिथलंच असण्याचा संभव जास्त. त्या म्हणाल्या, असंन. मग तसं लिहू का, मी विचारलं.

"तुमी लिहा. पन इंदूबाईनं सांगतलं असं नका लिहू."

"मावशी," मी म्हणालो, "अहो, नाव तुमचंच लागणार आहे. एवढ्याने काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. एखाद्या चांगल्या गिऱ्हाईकाला भाजी संपली म्हणून सांगावं तसं.

"मी सासरी आली तवा मले इंदू म्हणले. मले कोणी इचारलं नाई, मी हो म्हणलं. वेणू तेवढं राह्यलं. कोणी घेत नाई म्हून खरं राह्यलं ते. आता तेही असंच लावून देऊ का जी, कोणाच्याही पाठीवर?"

त्यांचा आवाज 'वेणू' म्हणताना किंचित हलला. त्यांना ते नाव हवं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त हवं होतं, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं, आणि मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती. मी वहीतला शब्द त्यांच्यादेखत खोडला आणि शेजारी 'ठिकाण माहीत नाही' असं लिहिलं. लेख पुढच्या वर्षी तसाच छापून आला. त्यात दोन कासवं आहेत, एक ओळखीच्या जातीचं, दुसऱ्याची जात ठरलेली नाही.

त्या दिवशी मी वही मिटत होतो तेवढ्यात खाली विहिरीवरचा पंप धडधडायला लागला. शेताची लाईन आली होती, आणि ती किती वेळ राहील याचा भरवसा नसतो. इंदूबाईंनी हाड माझ्या हातात दिलं आणि लुगडं वर खोचून उतारावरून धावत निघाल्या. साठी उलटलेली बाई इतकी धावेल असं मला वाटलं नव्हतं. वाडीत पोचताच त्यांनी फावड्याने पाण्याचा पहिला दांड फोडला आणि वांग्यांना पाणी लावलं.

मी धुऱ्यावर उभा होतो. मला त्यांना हाक मारावीशी वाटली, वेणूबाई म्हणून, एकदाच, मोठ्याने. पण त्या नावाने हाक मारावी असं मी काही केलेलं नव्हतं. मी नेहमीसारखं म्हणालो, मावशी, निघतो. पंपाच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नसावं. त्या माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या वाफ्याकडे पाणी वळवत होत्या.